बॅटरी फुल, काळजी नसावी

‘‘मॅडम, मिस्टरांना घेऊन या ना. त्यांना बरोबर कळेल.’’

रविवार पेठेतली बोहरी आळी, दुपारचे दोन, आणि हातात वही-पेन घेऊन घामाघूम उभी असलेली मी. काउंटरमागच्या काकांनी हा प्रेमळ सल्ला दिला तेव्हा मी कॉर्डलेस ड्रिल आणि बॅटरीवर चालणाऱ्या चेन-सॉचे भाव विचारत होते. आता मिस्टर नावाची वस्तू अजून माझ्याकडे नाही. प्रश्न मात्र होते, चांगले पानभर!

‘‘काका, मिस्टर नाहीत. बॅटरी किती अँपिअर-अवरची आहे, तेवढं सांगा.’’

काकांनी चष्मा कपाळावर सरकवला, मला नीट न्याहाळलं आणि पोऱ्याला दोन चहा सांगितले. तिथून आमचं जमलं.

तुम्ही म्हणाल, मास कॉम करून नाटकं, सिनेमे आणि कॅफेंवर लिहिणाऱ्या फ्रीलान्सर मुलीला ही कसली हौस? तर त्याचं असं आहे, की सुरुवात झाली एका पडद्याच्या दांडीपासून. आणि खरं सांगायचं तर एका फणसापासून. आधी दांडीचं सांगते.

भिंत जिंकली, मी हरले

वाकडमधला भाड्याचा फ्लॅट, अकरावा मजला, पश्चिमेची खिडकी. दुपारी चारला लॅपटॉपच्या स्क्रीनवर नुसतं ऊन. घरमालकांनी पडदा लावायची परवानगी दिली. ड्रिलवाल्या दादांनी चार होलांचे चारशे रुपये सांगितले, ‘रविवारी नक्की’ म्हणाले आणि तीन रविवार फिरकलेच नाहीत. मग आपण सगळे जे करतो तेच मी केलं. रात्री साडेबाराला अंथरुणात पडल्या पडल्या ऑनलाइन ऑर्डर! सतराशे रुपयांत ड्रिल, दोन बॅटऱ्या, बिट्सचा डबा, वर मोजायची टेप फ्री. मशीनवर मोठ्या अक्षरांत ‘४८ व्होल्ट’. मी जाम खूश.

दुसऱ्या दिवशी टेबलावर चढले, बटन दाबलं. घर्रर्र… बिट तीन-चार मिलिमीटर आत गेलं आणि तिथेच गरगरत बसलं. दहा मिनिटांनी बिटचं टोक निळं पडलं होतं, बॅटरी बसली होती, आणि भिंतीवर होती फक्त एक गोडशी खळी.

दोष सगळा त्या गरीब मशीनचा नव्हता. आपल्या नव्या टॉवर्समध्ये बऱ्याच ठिकाणी भिंती विटांच्या नसतातच. ॲल्युमिनियमचे साचे लावून अख्खी भिंत काँक्रीटची ओततात. बिल्डर लोक त्याला ‘मिवान’ म्हणतात. अशा भिंतीपुढे साधं फिरणारं ड्रिल म्हणजे दगडावर पेन्सिल. इम्पॅक्ट ड्रिल फिरता फिरता आतल्या दातेरी चकत्यांच्या जोरावर मिनिटाला वीस-पंचवीस हजार बारीक ठोके देतं. विटांना आणि हलक्या ब्लॉकच्या भिंतींना ते पुरतं. काँक्रीटला हवा रोटरी हॅमर. त्याच्या आत पिस्टन असतो, तो हवा दाबून ठोका मारतो. ठोके मिनिटाला चार-पाच हजारच, पण एकेक दणकट. म्हणजे ऑफिसात दिवसभर ई-मेल्स पाडणारा आणि दिवसातून एकच फोन करून काम उरकणारा, यांच्यातला फरक म्हणा ना!

शेवटी कोपऱ्यावरच्या हार्डवेअरवाल्याकडून वायरवाला रोटरी हॅमर एका दिवसासाठी भाड्याने आणला. तीनशे रुपये. एकेक भोक जेमतेम वीस सेकंदांत. पडदा लागला, पण माझं डोकं मात्र त्या ‘४८ व्होल्ट’मध्ये अडकलं.

इन-हँड किती, सीटीसी किती?

हे कोडं काकांनी सोडवलं. माझी ऑनलाइनवाली बॅटरी पूर्ण चार्ज करून त्यांनी मल्टिमीटर लावला. आकडा आला २०.६. अठ्ठेचाळीस गेले कुठे? कुठेच गेले नाहीत, ते मुळात नव्हतेच. ते फक्त स्टिकरवर होते.

यामागचं गणित मला इतकं आवडलं की सांगितल्याशिवाय राहवत नाही. या बॅटऱ्यांत लिथियम-आयनचे छोटे सेल एकामागे एक जोडलेले असतात. एका सेलचा सरासरी व्होल्टेज ३.६. पाच सेल जोडले की १८. तोच सेल नुकता चार्ज करून, काही काम न देता मोजला, तर चारच्या आसपास. पाचांचे झाले २०. आणि अगदी काठोकाठ भरला तर ४.२, म्हणजे पाचांचे २१. थोडक्यात काय, तर ‘१८ व्होल्ट’, ‘२० व्होल्ट मॅक्स’ आणि ‘२१ व्होल्ट’ ही एकाच बॅटरीची तीन नावं! पगार तोच, कोणी इन-हँड सांगतं, कोणी सीटीसी.

मग तुलना करायची कशावर? वॅट-अवरवर. व्होल्ट गुणिले अँपिअर-अवर. १८ व्होल्ट आणि २ अँपिअर-अवरची बॅटरी म्हणजे ३६ वॅट-अवर. तेच ५ अँपिअर-अवर असेल तर ९०. हे तुमच्या पाकिटातले पैसे. मशीन कितीही भारी असो, खर्च करणार ते यातूनच. काकांची एक टिप तर भन्नाट होती. ‘‘आकडा वाचू नका, बॅटरी हातात घ्या. पाच अँपिअरची म्हणून देतायत आणि कापसासारखी लागतेय, तर आत पाच अँपिअर नाहीत.’’

आता पैशांचं बोलू. त्या दिवशी आळीत मला मिळालेले भाव असे: नामांकित कंपनीचं वायरवालं इम्पॅक्ट ड्रिल तीन हजारांच्या आसपास. तेवढ्याच कामाचं १८ व्होल्टचं कॉर्डलेस, दोन छोट्या बॅटऱ्या आणि चार्जरसकट, नऊ-दहा हजार. कॉर्डलेस रोटरी हॅमरचा सेट पंधरा हजारांच्या पुढे. आणि नुसती ५ अँपिअर-अवरची बॅटरी सहा-सात हजार! म्हणजे कॉर्डलेस घेताना आपण मशीन विकत घेतच नाही, बॅटरी घेतो. मशीन तिच्यासोबत येतं. ताकदीपुरतं बघाल तर वायरवालं तिप्पट स्वस्त आणि दमतही नाही. कॉर्डलेसचे जादा पैसे आहेत ते शिडीवर चढताना पायात वायर न येण्याचे.

आणि एकदा बॅटरी घेतली की तुम्ही त्या घरचे झालात. मोबाइल चार्जरचं तरी टाइप-सीवर एकमत झालं, इथे तसं काही नाही. बॉशचंच घ्या. घरगुती हिरवी मशीन्स आणि कारागिरांची निळी मशीन्स दोन्ही १८ व्होल्टची, पण हिरव्याची बॅटरी निळ्याला बसत नाही. मकिताची १८ व्होल्टची बॅटरी त्यांच्याच ४० व्होल्ट मॅक्सच्या मशीनला चालत नाही. त्यामुळे पहिलं मशीन घेतानाच पुढची दोन-तीन कोणती लागतील याचा विचार करायचा. अगदी स्थळ बघताना करतात तसा!

हा सगळा प्रकार तसा जुना आहे. ब्लॅक अँड डेकरने पहिलं कॉर्डलेस ड्रिल आणलं १९६१ मध्ये, निकेल-कॅडमियमच्या सेलवर. लिथियम-आयन या अवजारांमध्ये आलं ते २००३ मध्ये, बॉशच्या एका चिमुकल्या स्क्रू-ड्रायव्हरमधून. तिथून वीस-बावीस वर्षांत ही बॅटरी झाड कापण्यापर्यंत पोचली.

झाड. आता त्या फणसाकडे यायला हवं.

आम्ही बरे आहोत, फणस पडलाय

आमचं गाव श्रीवर्धन तालुक्यात. नारळ-पोफळीची छोटी वाडी, कौलारू घर. बाबा रिटायर झाल्यावर आई-बाबा तिकडेच राहायला गेले. ३ जून २०२० ला दुपारी निसर्ग चक्रीवादळ श्रीवर्धन-दिवेआगरच्या किनाऱ्यावर आदळलं, तेव्हा मी पुण्यात होते. लॉकडाऊन, डिग्री नुकतीच हातात, नोकरीचा पत्ता नाही. त्या दुपारनंतर गावचा फोन लागला नाही. एक दिवस, दोन दिवस, पाच दिवस. टीव्हीवर आडव्या झालेल्या वाड्या दिसायच्या आणि मी प्रत्येक पत्र्यात आमचं घर शोधायचे.

सहाव्या दिवशी बाबांचा फोन आला. रेंज मिळावी म्हणून ते टेकडी चढून वरच्या सड्यावर गेले होते. ‘‘आम्ही बरे आहोत. फणस पडलाय,’’ एवढंच बोलले आणि लाइन तुटली.

आजोबांनी लावलेला फणस. तो मुळासकट उलथून गोठ्यावर आणि मागच्या दारावर पडला होता. वाड्यांमधून नुसता चिखल आणि झाडं. पेट्रोलचा कटर असलेली माणसं तालुक्यात हाताच्या बोटांवर मोजण्याइतकी, आणि त्यांना बोलवायला गावंच्या गावं रांगेत. बाबांचा नंबर कधी लागणार? एकोणसाठ वर्षांच्या माणसाने कुऱ्हाड आणि हातकरवत घेतली आणि आठ दिवस एकट्याने तो फणस तोडला. वीज महिन्याहून जास्त काळ नव्हती.

हे सगळं मला नंतर कळलं. त्या वर्षी दिवाळीला गेले तेव्हा बाबा आकाशकंदील टांगत होते आणि हूक अडकवत होते डाव्या हाताने. बाबा उजवे आहेत. मी विचारलं तर म्हणाले, ‘‘काही नाही गं, खांदा जरा धरलाय.’’ तो खांदा आजतागायत सुटलेला नाही. उजवा हात खांद्याच्या वर जात नाही.

यंदा मे महिन्यात एका क्लायंटचा अडकलेला चेक आला आणि मी ठरवलं. बाबांना बॅटरीवर चालणारा चेन-सॉ घ्यायचा. तोही साधासुधा नाही, बेस्ट!

एक्सेल शीटमध्ये नसलेला कॉलम

बोहरी आळीत तिसरी चक्कर. यावेळी एक्सेल शीट तयार होती. उमेदवार तीन.

पहिला, एका हातात मावणारा मिनी चेन-सॉ. चार ते सहा इंची पट्टी, १८ व्होल्ट. बिननावाचा तीन हजारांत, चांगल्या कंपनीचं नुसतं मशीन नऊ-दहा हजारांत. साखळीचा वेग सेकंदाला पाच ते आठ मीटर. फांद्यांसाठी मस्त. खोडासाठी? विसरा.

दुसरा, ३६ व्होल्टचा, बारा-चौदा इंची पट्टीचा. साखळीचा वेग सेकंदाला वीस मीटरच्या घरात, म्हणजे पेट्रोलच्या छोट्या मशीनच्या जवळपास. बटन दाबलं की सुरू, सोडलं की गप्प. दोरी ओढणं नाही, धूर नाही. किंमत बॅटरी-चार्जरसकट चाळीस हजार!

तिसरा, पेट्रोलचा. अनोळखी कंपन्यांचे सहा-आठ हजारांपासून, नावाजलेल्या कंपनीचा छोटा वीस हजारांच्या आसपास. सुरू करायला दोरीला हिसका मारावा लागतो. बाबांचा खांदा डोळ्यांपुढे आला आणि मी तिसऱ्या नावावर काट मारली.

तरी एक गणित करून पाहिलं. ३६ व्होल्ट, ५ अँपिअर-अवर म्हणजे १८० वॅट-अवर. जाड खोडात मशीन हजार वॅट खायला लागलं तर ही बॅटरी जेमतेम अकरा मिनिटं चालेल. पेट्रोल कटरची टाकी पाव लिटरची असली, तर तेवढ्या पेट्रोलमध्ये दोन हजारांहून जास्त वॅट-अवर असतात. त्यातला पाचवा हिस्सा जरी इंजिनाने कामाला लावला, तरी चारशेच्या वर. आणि टाकी पुन्हा भरायला लागतं एक मिनिट. उलट बॅटरी चार्ज करायचा खर्च दोन-तीन रुपये, पेट्रोल मात्र शंभराच्या पुढे, वर टू-स्ट्रोकचं ऑइल. एकूण हिशेबात बॅटरी मला चालत होती. हजार वॅट काही सतत खाणार नाही, आणि दोन बॅटऱ्या घेऊ की!

रात्री बाबांना फोन लावून पूर्ण शीट वाचून दाखवली. व्होल्ट, वजन, साखळीचा वेग, वॉरंटी, किंमत. बाबांनी शांतपणे ऐकून घेतलं.

‘‘छान अभ्यास केलायस. पण लाईट नसेल तेव्हा काय करायचं?’’

मी गप्प.

‘‘अगं, आपल्याला एवढा मोठा कटर लागतो कधी? वादळ झालं की. आणि वादळात पहिलं जातं काय?’’

माझ्या शीटमध्ये अकरा कॉलम होते. हा नव्हता. इन्व्हर्टरवर एक-दोनदा चार्ज झाली असती म्हणा, पण महिनाभर वीज नसेल तर इन्व्हर्टर तरी कुठून भरणार? मी जगातल्या सगळ्या चेन-सॉची तुलना केली होती, पण वाकडमध्ये बसून. अकराव्या मजल्यावर, जिथे लाईट गेली की अर्ध्या मिनिटात जनरेटर सुरू होतो.

‘‘आणि चेनला धार कोण लावणार?’’ बाबा पुढे म्हणाले. हाही मुद्दा सोळा आणे खरा. धार गेलेली साखळी असेल तर चाळीस हजारांचं मशीनही नुसता भुसा पाडतं. धार चांगली असेल तर लाकडाच्या चकल्या निघतात, बोथट झाली की पावडर. ती घासायची कानस आणि ती वापरणारा हात गावात असावा लागतो. साखळीला तेल लागतं ते वेगळंच, बॅटरीवाल्यालासुद्धा.

फोन ठेवल्यावर मला जरा रडूच आलं. २०२० साली मी नव्हते, ते चाळीस हजारांनी भरून निघणार नाही हे कळत होतं. पण बिल हातात असतं तर बरं वाटलं असतं.

आमचा नियम खांदाच पाळतो

मग तोडगा निघाला, आणि तो बाबांनीच काढला. आळीतल्या सहा घरांनी मिळून चांगल्या कंपनीचा एक पेट्रोल कटर घेतला. सहावा हिस्सा माझा, म्हणजे साडेतीन हजार. चालवणार कोण, तर गावातलाच एक मुलगा, ज्याचं पोटच त्या कामावर आहे. आणि बाबांसाठी मी घेतला १८ व्होल्टचा मिनी, त्याच बॅटरीवर चालणारं ड्रिल, आणि ४ अँपिअर-अवरच्या दोन बॅटऱ्या. सगळं मिळून चोवीस हजार.

मेच्या शेवटी घेऊन गेले. गॉगल, हातमोजे, बूट असा सगळा थाट. तो कटरवाला मुलगा मुद्दाम शिकवायला आला. त्याचे नियम तीनच. पट्टीचं टोक लाकडाला लावायचं नाही, विशेषतः टोकाची वरची बाजू. ती अडकली की मशीन उसळून थेट चालवणाऱ्याच्या अंगावर येतं. पडलेल्या खोडात ताण असतो, तो कुठल्या बाजूला आहे हे बघितल्याशिवाय हात घालायचा नाही. आणि कटर खांद्याच्या वर न्यायचा नाही.

‘‘हा शेवटचा नियम माझा खांदा आपोआप पाळतो,’’ बाबा म्हणाले. आई सोडून सगळे हसले.

मग आमची टेस्ट. आंब्याच्या वाळून पडलेल्या, मनगटाएवढ्या जाड फांद्या. एका बॅटरीत ६३ तुकडे! मी मोजले. त्यातले चाळीस बाबांनी कमरेच्या उंचीवर, आरामात, मध्ये चहा घेऊन. नंतर मला जोर आला आणि मी आडव्या पडलेल्या माडाला कटर लावला. दोन मिनिटांत साखळीत माडाचे धागे असे गुंतले, की ते काढायला अर्धा तास गेला. मुलाने काही न बोलता पेट्रोल कटर आणला, हिसका मारला आणि कान बंद होतील अशा आवाजात माडाचे चार ओंडके करून दिले. कोणतं मशीन भारी, हा प्रश्नच चुकीचा होता. दोघांनी आपापलं काम केलं.

(तुम्ही ऑनलाइन मिनी चेन-सॉ बघायला लागला असाल, तर एक सांगते. शहरात सोसायटीतल्या झाडावर तो चालवायला जाऊ नका. झाड आपल्या आवारात असलं तरी १९७५ च्या कायद्याप्रमाणे आधी वृक्ष प्राधिकरणाची परवानगी लागते. गावाकडेही आंबा-फणस तोडायला १९६४ चा कायदा आडवा येतो.)

संध्याकाळी आम्ही पडवीतल्या झोपाळ्यावर बसलो. त्याच फणसाच्या फळ्यांचा झोपाळा आहे तो. कोपऱ्यात चार्जरचा दिवा लुकलुकत होता. मी शेवटी विचारलं, सहा वर्षं विचारायचं राहिलं होतं ते. ‘‘बाबा, तेव्हा कोणाची तरी वाट का नाही बघितलीत? एवढं काय अडलं होतं?’’

‘‘मागचं दार उघडत नव्हतं,’’ बाबा म्हणाले. ‘‘आणि तुझी आई घाबरली होती. हातात करवत असली की माणसाला काहीतरी करतोय असं वाटतं.’’

मला एकदम माझी एक्सेल शीट आठवली.

पुण्याला परतल्यावर आठवड्याभरात पाऊस सुरू झाला. एका रात्री वारा सुटला, बातम्यांमध्ये कोकणाचा नकाशा लाल झाला आणि माझ्या पोटात गोळा आला. फोन उचलणार तोच मेसेज आला. बाबा अजूनही पोस्टकार्डासारखेच मेसेज लिहितात.

‘लाईट गेली. बॅटऱ्या दोन्ही फुल. कटरवाला मुलगा घरीच आहे. काळजी नसावी.’